शुगर आणि कॅन्सर दोन्हीवर एकच झाडपाला चालतो का? चिपळूणच्या डब्याबद्दल सविस्तर

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. कुटुंब डोंबिवलीचं, बाबा ६२ वर्षांचे, शुगर बऱ्याच वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज, ऑपरेशन झालंय आणि पुढच्या आठवड्यात केमो सुरू होणार, ऑक्झालिप्लॅटिनची ड्रिप आणि केपसिटाबिनच्या गोळ्या. आत्याने चिपळूणहून चूर्णाचा डबा आणि सुकवलेल्या पानांची पुडी पाठवलीय, म्हणे हे शुगर आणि कॅन्सर दोन्हीवर चालतं. त्यात सदाफुली, कारलं, जांभळाची बी, गुळवेल, दारुहळद, हळद-मिरी आणि लक्ष्मणफळाची पानं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, केमोबरोबर हे द्यायचं का, आणि हे चालू केलं तर शुगरच्या गोळ्या बंद करता येतील का.

दुसऱ्याचं उत्तर लगेच देऊन टाकते: नाही. बंद करू नका. पहिल्याचंही उत्तर नाहीच आहे, पण तिथे "झाडपाल्यात काही दम नाही हो" असं म्हणून तुम्हाला वाटेला लावणं मला पटत नाही, कारण ते खरं नाही. दम आहे म्हणूनच तर भीती आहे. मी दादरला मेडिसिनची प्रॅक्टिस करते, परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल जवळच, त्यामुळे केमो घेणाऱ्या डायबेटिसवाल्यांची शुगर सांभाळायचं काम माझ्याकडे बरंच येतं, आणि दहातल्या निम्म्या लोकांच्या पिशवीत काही ना काही पुडी असतेच. विचारल्याशिवाय सांगत नाहीत एवढंच.

सदाफुलीपासून सुरुवात करू, कारण "दोन्हीवर चालतं" या समजुतीचं मूळच तिथे आहे, आणि गोष्ट भारी आहे. आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात लावलेली असते ती हीच, गुलाबी-पांढऱ्या फुलांची. बऱ्याच देशांत लोक हिच्या पानांचा काढा शुगरसाठी प्यायचे, जमैकातसुद्धा. १९५२ मध्ये तिथल्या एका डॉक्टरने ही पानं कॅनडात पाठवली आणि ती रॉबर्ट नोबल नावाच्या संशोधकाच्या लॅबमध्ये पोचली. त्यांनी उंदरांना अर्क तोंडावाटे दिला, शुगरवर काही फरक नाही. मग इंजेक्शनने दिला, तरी शुगर तिथेच, पण उंदीर इन्फेक्शनने मरायला लागले. रक्त बघितलं तर पांढऱ्या पेशी धडाधड खाली, बोन मॅरो रिकामी होत चाललेली. दुसऱ्या कोणी "विषारी आहे, सोडा" म्हणून फाइल बंद केली असती. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी उलटा विचार केला, की पांढऱ्या पेशी वेड्यासारख्या वाढतात तो ब्लड कॅन्सर, मग पेशी पाडणारी ही वस्तू तिथे चालेल का? १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन जगापुढे आलं, तिकडे अमेरिकेत एली लिली कंपनीही हेच झाड शुगरसाठी तपासता तपासता तिथेच पोचली होती, त्यांच्याकडून व्हिनक्रिस्टिन आलं आणि १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. लहान मुलांच्या ल्युकेमियात व्हिनक्रिस्टिन आजही रोज वापरलं जातं, परळला ज्या पोरांना ड्रिप चाललेली दिसते त्यातल्या कित्येकांच्या सलाइनमध्ये सदाफुलीचंच औषध असतं.

आता आत्या म्हणेल, बघा, मी काय सांगत होते! पण गोष्टीतला मधला भाग तिच्या ध्यानात आणून द्या. तोंडावाटे दिल्यावर काही झालं नव्हतं. व्हिनक्रिस्टिन शिरेतूनच देतात, तेही मोजून, प्रौढ माणसाला एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत, कारण थोडं जास्त झालं की पायाच्या नसा जातात, पाऊल लोंबकळायला लागतं, आतडी सुस्त होऊन भयंकर बद्धकोष्ठ होतो. आणि चुकून पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात गेलं तर माणूस वाचणं जवळपास अशक्य. एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिन काढायला शेकडो किलो सुका पाला लागतो. म्हणजे पाच-सात पानं चावून कॅन्सरवर असर होईल एवढं औषध मिळत नाही, पण पानांत नुसतं व्हिनक्रिस्टिन नसतं ना, डझनावारी अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर असर करणारी झाडातली द्रव्यं असतात, कुठल्या झाडात किती, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती, काही सांगता येत नाही. पुढे प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत शुगर थोडी उतरल्याचे पेपर आले खरे. माणसांत शुगरचं औषध म्हणून मात्र सदाफुली कुठेच उभी राहिली नाही.

तुमच्या बाबांच्या बाबतीत तर अजून एक गोष्ट आहे. ऑक्झालिप्लॅटिन स्वतःच नसांना लागतं, हातापायांना मुंग्या येतात, थंड वस्तूला हात लावला तरी झिणझिण्या येतात. इतक्या वर्षांची शुगर, म्हणजे नसा आधीच थोड्या झिजलेल्या असणार. त्यात पांढऱ्या पेशी पाडणाऱ्या, नसांना लागणाऱ्या झाडाची पानं, कितीही थोडी असोत, कशाला? सदाफुली गॅलरीतच शोभते.

बरं, उलट दिशेने आलेली गोष्ट बघा. बाबा रोज जी मेटफॉर्मिन घेतात तिची वंशावळ झाडापर्यंतच जाते. युरोपात गॅलेगा नावाचं एक रानझाड आहे, जुन्या काळी लघवी फार होणाऱ्या, तहान फार लागणाऱ्या माणसांना द्यायचे म्हणतात. मेंढ्यांनी ते जास्त खाल्लं तर मेंढ्या मरतात. त्यात ग्वानिडिन जातीची द्रव्यं असतात, ती शुगर उतरवतात पण विषारी. केमिस्ट लोकांनी त्याच घराण्यातले रेणू बनवले, मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनला बनलं, शुगरसाठी माणसांत वापरून १९५७ मध्ये पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी ते छापलं, आणि अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. म्हणजे आत्याला सांगायला हरकत नाही की बाबा झाडाचंच औषध घेतायत, विष बाजूला काढून.

आणि हीच मेटफॉर्मिन "दोन्हीवर चालते" या आशेची सगळ्यात मोठी परीक्षाही देऊन झालीय. २००५ च्या सुमाराला असं दिसायला लागलं की मेटफॉर्मिनवर असलेल्या डायबेटिसवाल्यांना कॅन्सर जरा कमी होतोय. मग धडाधड पेपर. लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशींवर टाकली तर पेशी मंदावतात, कारण मेटफॉर्मिन पेशीच्या वीजघराला, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाला चिमटा काढते, पेशीला वाटतं इंधन संपलं, वाढ थांबवा. लिव्हरला तोच चिमटा बसला की साखर बनवणं कमी. कागदावर एकदम चोख बसतं. मग ब्रेस्ट कॅन्सरच्या ३,६४९ पेशंटवर, जवळपास सगळ्या बायकाच, ज्यांना शुगर नव्हती, पाच वर्षं मेटफॉर्मिन विरुद्ध खोटी गोळी अशी मोठी ट्रायल झाली. निकाल २०२२ मध्ये आला, मुख्य गटात कॅन्सर परत येण्यात काडीचा फरक नाही. कुठे चुकलं? एक म्हणजे लॅबमध्ये प्लेटमध्ये जेवढी मेटफॉर्मिन ओततात ती माणसाच्या रक्तात मिळते त्याच्या शेकडो पट असते. दुसरं म्हणजे आधीच्या आकडेवारीत गोम होती, औषध बरीच वर्षं घेता येण्यासाठी आधी माणूस तितकी वर्षं जगावा लागतो, मग औषधाने जगला की जगला म्हणून औषध घेऊ शकला, हे गणित उलटसुलट झालं होतं.

हे एवढं लांबण लावून का सांगतेय, तर मेटफॉर्मिनसारखी शुद्ध, मोजलेली, हजारो लोकांवर तपासलेली गोळीसुद्धा प्लेटमध्ये जिंकून माणसात हरली. आणि तुम्हाला पाठवलेल्या यादीतल्या बहुतेक झाडांचा पुरावा प्लेट आणि उंदीर यांच्या पुढे गेलेलाच नाही. "दोन्हीवर चालतं" हे वाक्य कुठून येतं ते लक्षात घ्या. पेशीचं इंधन तोडणारी किंवा सूज कमी करणारी कुठलीही वस्तू प्लेटमध्ये शुगरच्या प्रयोगातही चमकते आणि कॅन्सरच्या प्रयोगातही चमकते. तसं तर ब्लीच टाकलं तरी कॅन्सरच्या पेशी मरतात.

आता डब्यातलं एकेक घेते, सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

कारलं. शिवाजी पार्कला सकाळी फिरायला जा, हिरव्या बाटल्या घेऊन रसवाले उभे असतात, कारलं, दुधी, कोरफड, गव्हांकुर, जांभूळ, गर्दी असते. कारल्यात शुगर उतरवणारी द्रव्यं आहेत यात वाद नाही, पण माणसांवरच्या ट्रायल बघितल्या तर २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यात सापडल्या चार, मिळून ४७९ लोक, आणि निष्कर्ष असा की भरवशाचं काही म्हणता येत नाही. कॅन्सरचं म्हणाल तर अमेरिकेत कारल्याच्या अर्काने ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी प्लेटमध्ये मेल्या, एवढंच. भाजी खुशाल खा. पण ग्लिमेपिराइड चालू असताना, केमोने जेवण अर्ध्यावर आलेलं असताना वर रिकाम्या पोटी ग्लासभर कारल्याचा रस म्हणजे शुगर पन्नासला येऊन घाम फुटायचे दिवस. आणि दुधीचा रस कडू लागला तर थुंकून टाका, हे सगळ्यांनाच सांगते. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ कारलं-दुधीचा कडू रस पिऊन गेले, त्यानंतर आयसीएमआरला, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला, कमिटी नेमावी लागली. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाची विषं असतात, उलटीत रक्त, बीपी खाली, आयसीयू. गंमत म्हणजे याच कुकरबिटासिनवर "कॅन्सरविरोधी" म्हणून ढीगभर पेपर आहेत. आहेत ना, पेशी मारतातच ती, माणसाच्या आतड्याच्यासुद्धा.

जांभळाची बी. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा खोट्या चहाशी आणि शुगरच्या गोळीशी तुलना करून बघितला, गोळीने फरक पडला, चहाने नाही. बियांच्या पावडरीवर छोटे छोटे प्रयोग आहेत, थोडाफार फरक दाखवतात. कॅन्सरचं इथे काही नाही, पुढे.

गुळवेल. इथे मी जरा कडक आहे. कोविडच्या काळात घराघरात गुळवेलीचा काढा उकळत होता, आणि मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ च्या सुमाराला सहा पेशंटचा पेपर छापला, गुळवेल घेऊन कावीळ झालेले, लिव्हर सुजलेलं. पुढे देशभरातल्या सेंटरांनी मिळून अजून केसेस दाखवल्या. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की लोकांनी गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली असेल. असेलही काही जणांत. पण मग बाजारातून आणलेल्या दांड्या नेमक्या कुठल्या वेलीच्या आहेत हे तुम्ही-मी कसं ओळखणार? केपसिटाबिनची गोळी शरीरात जाऊन खरं औषध बनते ती बरीचशी लिव्हरमध्ये. केमोच्या मध्यावर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या टेस्टमधला आकडा, चारशे-पाचशे झाला की पुढची सायकल थांबते, आणि मग ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचा डॉक्टर, डोकं धरून बसतो की औषधाने झालं, कॅन्सर लिव्हरमध्ये गेला की काढ्याने. सोनोग्राफी, सीटी, हेपटायटिसच्या टेस्ट, सगळा खर्च आणि धास्ती एका काढ्यापायी. गुळवेल नको.

लक्ष्मणफळ. "केमोपेक्षा दहा हजार पट ताकदवान" हा मेसेज तुम्हालाही आला असेल, मला महिन्यातून एकदा तरी कोणी दाखवतं. मूळ आकडा प्लेटमधल्या पेशींचा. माणसांवर कॅन्सरसाठी धड ट्रायल नाही. उलट कॅरिबियन बेटांवर, ग्वाडेलूपला, ही फळं आणि पानांचा चहा नेमाने घेणाऱ्या लोकांत पार्किन्सनसारखा पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त दिसला, १९९९ पासून त्यावर लिहिलं जातंय, संशय त्यातल्या अ‍ॅनोनासिनवर आहे. तेच ते, पेशीचं वीजघर बंद पाडणारं द्रव्य, आणि मेंदूच्या पेशींना वीज सगळ्यात जास्त लागते. पिकलेलं फळ कधीतरी खाल्लं तर ठीक, पानांची पुडी मात्र सरळ कचऱ्यात.

हळद-मिरी. आमटीतली हळद राहू द्या, त्याबद्दल कोणी बोलणार नाही. कर्क्युमिनच्या कॅप्सूलबद्दल बोलतेय. रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं तरी रक्तात जेमतेम सापडतं, आतड्यातून शोषलंच जात नाही. म्हणून मिरीतलं पायपरिन घालतात. आणि घोळ तिथेच होतो, कारण औषधं निकामी करणारी लिव्हरमधली एन्झाइम, दरवाजेच म्हणा ना, पायपरिन अडवून ठेवतं, मग हळदच कशाला, बाकीच्या गोळ्यांचंही रक्तातलं प्रमाण चढू शकतं. मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस परदेशात नोंदल्या गेल्यात. २०१७ मध्ये औषधशास्त्रातल्या जाणकारांनी कर्क्युमिनचा अख्खा पसारा तपासून लिहिलं की हा रेणू प्रयोगशाळेत जवळपास प्रत्येक टेस्टला खोटा होकार देतो. शिवाय या क्षेत्रातल्या एका फार गाजलेल्या संशोधकाचे पेपर मोठ्या संख्येने मागे घ्यावे लागलेत, त्यामुळे जुने लेख वाचून हुरळून जाऊ नका.

उरली दारुहळद, आणि इथे मला प्रामाणिकपणे थांबावं लागेल, कारण यादीतली ही एकच अशी आहे जिच्यातल्या द्रव्याचा दोन्हीकडे माणसांतला पुरावा आहे. द्रव्याचं नाव बर्बेरिन. पिवळंजर्द, कडूजहर, डोळ्यात घालायचं रसांजन यापासूनच बनतं. चीनमध्ये २००८ मध्ये ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देऊन बघितलं, शुगर मेटफॉर्मिनच्या जवळपास उतरली, प्रयोग छोटा होता पण नंतरही तसे बरेच झाले. आणि २०२० मध्ये चीनमधूनच आतड्याच्या पॉलिपवर, म्हणजे आतल्या अस्तरावरच्या छोट्या गाठींवर, मोठी ट्रायल आली. कोलोनोस्कोपीत पॉलिप काढून टाकलेल्या लोकांना दोन वर्षं बर्बेरिन किंवा खोटी गोळी दिली, बर्बेरिनवाल्यांत ३६ टक्क्यांना पॉलिप परत आले, खोट्या गोळीवाल्यांत ४७ टक्क्यांना. हेच पॉलिप पुढे काही जणांत आतड्याचा कॅन्सर बनतात, त्यामुळे ही गोष्ट किरकोळ नाही. मला स्वतःला यात रस आहे आणि पुढे काय येतं याची वाट बघतेय.

पण. ती ट्रायल पॉलिपवाल्यांची होती, कॅन्सर झालेल्यांची नव्हती, आणि केमो चालू असलेल्यांची तर नाहीच. गोळीत मोजलेलं शुद्ध बर्बेरिन होतं, चिपळूणच्या डब्यातली भुकटी नव्हती. बर्बेरिनही लिव्हरचे तेच दरवाजे अडवतं, पोट बिघडवतं, जुलाब होतात, आणि केपसिटाबिनच्या सगळ्यात त्रासदायक साइड इफेक्टपैकी एक जुलाबच आहे. शिवाय खरी दारुहळद हिमालयातली, तोडून तोडून दुर्मिळ झालेली, त्यामुळे बाजारात तिच्या नावावर दक्षिणेतली दुसरीच पिवळी वेल विकली जाते, काष्ठौषधीच्या दुकानात विचारलं तर कुठलाही जुना जाणकार हे सांगेल. म्हणून आत्ता नको. केमो संपल्यावर, पुढच्या कोलोनोस्कोपीच्या वेळी ऑन्कॉलॉजिस्टपुढे हा विषय जरूर काढा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरात कोणी गरोदर असेल तर तिने मात्र दारुहळदीला हात लावू नये, बाळाची कावीळ मेंदूला चढायचा धोका असतो.

तुमच्या डब्यात विजयसार नाहीये पण कोणीतरी त्या झाडाचा लाकडी पेला, ज्यात ठेवलेलं पाणी शुगरसाठी पितात, आणून देईलच, प्रदर्शनात हमखास मिळतो, म्हणून लिहिते. आयसीएमआरने विजयसारवर खरोखर काम केलंय, १९९८ मध्ये नव्याने शुगर निघालेल्या ९७ लोकांना दिलं, साधारण सत्तर टक्क्यांची शुगर आटोक्यात आली. ऐकायला झकास, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि नवीन शुगर निघालेला माणूस घाबरून पहिले तीन महिने गोडाला हात लावत नाही, हे आपण घरोघरी बघतो. बाबांसारखा जुना डायबेटिसवाला आणि वर केमो, त्याला पेल्यातलं पाणी पुरणार नाही.

आणि कोरफड. ज्यूसवाले कोरफडीची अख्खी पात मिक्सरला लावतात. पानाच्या सालीखालचा जो पिवळा चीक असतो त्यासकट काढलेला अर्क जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने माणसात कॅन्सरची शक्यता असलेल्यांच्या यादीत टाकलाय, उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या म्हणून. आतड्याच्या कॅन्सरवाल्याने रोज अख्ख्या पातीचा रस प्यावा, हे मला तरी बघवत नाही. ईश्वरी नावाची वेल तर त्याहून वाईट, तिच्यातलं द्रव्य किडनी निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं आहे. "झाडपाल्याचा साइड इफेक्ट नसतो" म्हणणाऱ्याला हे एक नाव पुरे.

झाडांची मी शत्रू नाही हे मात्र खरंच मानून चाला. टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध ज्या दोघांनी शोधलं त्यातले एक डॉ. मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे, १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकलेले. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर यू झाडाच्या सालीतून त्यांनी टॅक्सॉल काढलं, रेणूची रचना १९७१ मध्ये छापली, आणि ओव्हरीच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली १९९२ मध्ये. मधली वीस वर्षं कशात गेली? झाड तोडून डोस मिळेना, पाण्यात विरघळेना, ड्रिप देताना येणारी जोरदार अ‍ॅलर्जी आवरेना. याच जोडीने त्याआधी १९६६ मध्ये कॅम्टोथेसिन काढलं होतं, ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही भरपूर सापडतं, इतकं की महाबळेश्वर-आंबोलीच्या पट्ट्यात नरक्याची झाडं लोकांनी ओरबाडून नेली. त्यापासून पुढे इरिनोटेकान बनलं, ते आतड्याच्या कॅन्सरचंच औषध आहे, कदाचित बाबांच्या डॉक्टरांच्या तोंडून कधी नाव ऐकालही. पण कोकणातला कुठलाही शहाणा माणूस नरक्याची साल उकळून पिणार नाही.

शुगरच्या बाजूलाही तेच. हल्ली लघवीवाटे साखर काढणाऱ्या ग्लिफ्लोझिन गोळ्या सगळ्यांना लिहून देतात, त्यांचा आजा म्हणजे सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतला फ्लोरिझिन, १८३५ मध्ये सापडलेला. तो तसाच दिला तर पोटातून शोषलाच जात नाही, जुलाब होतात. गोळी बनायला पावणेदोनशे वर्षं लागली.

चूर्णाच्या डब्याबद्दल अजून एक. बाहेरून विकत आणलेलं असेल तर डब्यावर लायसन्स नंबर, बॅच, घटक काही आहे का बघा. "शुगर मुळापासून बरी", "कॅन्सर बरा" असं छापलं असेल तर तो डबा तसाच परत द्या, कारण औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्याने ज्या रोगांवर बरं करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे त्या यादीत डायबेटिस पण आहे आणि कॅन्सर पण. जो कायदा मोडून विकतो तो डब्यात काय घालतो यावर मी का विश्वास ठेवू? अशा पुड्यांत सरळ शुगरची अ‍ॅलोपथी गोळी कुटून घातलेली सापडते, स्टेरॉइड सापडतं, शिसं-पारा सापडतो. अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतल्या आपल्याकडच्या ७० औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं, २००४ चा पेपर आहे. आत्याने स्वतः परसातलं वाळवून कुटलं असेल तर निदान शिसं नाही, पण बुरशी असू शकते, आणि केमोत पांढऱ्या पेशी खाली आल्यावर साधी बुरशीसुद्धा महागात पडते. याच कारणाने बाहेरचे कच्चे रस पूर्ण बंद. गव्हांकुरही बंद. त्यात फोलिक अ‍ॅसिड असतं आणि जास्तीच्या फोलिक अ‍ॅसिडने केपसिटाबिनचे साइड इफेक्ट वाढतात, म्हणून मल्टिव्हिटॅमिनसुद्धा विचारल्याशिवाय नको.

तुम्हाला एखाद्या चांगल्या बीएएमएस-एमडी वैद्यांचा सल्ला घ्यायचाय तर घ्या, झोप, भूक, तोंड येणं, यासाठी मीही पाठवते कधी कधी. अट एवढीच की ते आणि ऑन्कॉलॉजिस्ट दोघांना एकमेकांची औषधं माहीत असली पाहिजेत, आणि "केमो सोडा" म्हणणाऱ्याच्या दारात परत जायचं नाही. तिसऱ्या स्टेजला ऑपरेशननंतरची केमो पूर्ण बरं होण्यासाठी देतात, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा, अगदी चिपळूणला फोन करून आत्यालासुद्धा.

आता शुगरचं, जे खरं काम आहे. ड्रिपच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड, त्याने दोन-तीन दिवस शुगर उसळते, आणि सकाळच्या उपाशीपोटीच्या टेस्टमध्ये ते दिसत नाही. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी ग्लुकोमीटरने बघा, तीनशेच्या वर राहिली तर त्याच दिवशी फोन करा, तात्पुरतं इन्सुलिन लागू शकतं आणि नंतर निघूनही जातं. उलट उलट्या-जुलाब चालू असतील, जेवण जात नसेल, तर ग्लिमेपिराइडने शुगर एकदम खाली येईल आणि अंगातलं पाणी कमी होऊन किडनीवर ताण आलेला असताना मेटफॉर्मिन साचून रक्तात आम्ल वाढू शकतं, अशा दिवशी दोन्ही तशाच ढकलू नका, लगेच फोन करून विचारा. फ्रिजमधलं पाणी बंद, ऑक्झालिप्लॅटिननंतर काही दिवस थंड गिळलं तर घशात आवळल्यासारखं होतं आणि घरचे घाबरतात. तळपायांना रोज रात्री आरशाने बघा, केपसिटाबिनने तळपाय सोलवटतात आणि शुगरवाल्याला भेग पडलेली कळत नाही. जेवणात कारल्याची भाजी, मेथीची भाजी, आमटीत हळद, सगळं चालेल, पोट सैल असेल त्या दिवसांत मेथी सोडून.

डब्यातलं आजपर्यंत काही दिलं गेलं असेल तर ते किती दिवस दिलं ते ऑन्कॉलॉजिस्टला पहिल्या ड्रिपच्या आधी सांगा, रागावले तरी सांगा. आणि मला बाबांचा ताजा क्रिएटिनिन (किडनीचा), एसजीपीटी आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) कळवा, ग्लिमेपिराइडचा डोस केमोआधीच कमी करायचा का ते त्यावरून ठरेल.